सावलीच्या परड्यातली उंच रानफुलं आडवी पडतात, फुलत नाहीत: काय आणि कोणत्या क्रमानं तपासावं

पेव, भारंगी, तेरडा, कळलावी, दसमुळी ही आपल्याच रानातली उंच वाढणारी फुलझाडं. बेळगावजवळचं खानापूर सोडून जांबोटी-कणकुंबीच्या वाटेला लागलं की रस्त्याकडेला ती कुणी न लावता, न खत घालता वाढलेली दिसतात. तीच घरामागं आंब्याच्या नाहीतर भिंतीच्या सावलीत लावली की दुसऱ्या पावसाळ्यापासून रडगाणं सुरू होतं. रडगाणं दरवर्षी तेच, आणि कारणंही मोजकीच.

लक्षणं

- खोड बारीक आणि लांबलचक, पानांमधलं अंतर जास्त, सगळं झाड एकाच दिशेला ओढल्यासारखं.
- जुलैच्या झडीत झाड बुडापासून लवंडतं.
- पानं हिरवीगार, गुडघ्याएवढ्या पेवाचं पुरुषभर होतं, पण गौरी-गणपती उलटून गेले तरी फूल नाही.
- मृग गेला, आर्द्रा गेली, तरी जमिनीतून कोंबच वर आला नाही.
- कोवळे कोंब रातोरात कुरतडलेले, पानांना मोठाली भोकं, सकाळी मातीवर चकाकणारे चिकट पट्टे.
- ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळं पिवळं पडून वाळतं.

यातलं शेवटचं लक्षण म्हणजे बिघाड नव्हे. पेव आणि कळलावी पावसाळ्यावर जगतात; हिवाळा लागला की वरचा भाग वाळतो आणि कंद जमिनीखाली झोपतो. ‘झाड मेलं’ म्हणून हिवाळ्यात रोज पाणी घालणारे लोक तो झोपलेला कंद कुजवतात. तेरडा तर एका पावसाळ्याचाच. त्याच्या शेंगा तडकायच्या आधी त्यांवर कापडी पिशवी बांधून बी धरलं की झालं. कारवी लावली असेल आणि चार वर्षांत फूल दिसलं नसेल तर तिचंही काही बिघडलेलं नाही. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात ती २००८, २०१६ आणि २०२४ ला फुलली. दरवर्षी फुलं हवी असतील तर कारवी हे त्यासाठीचं झाड नव्हे.

उरलेल्या तक्रारींसाठी खालच्या क्रमानं जा. पहिल्या चार तपासण्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि बहुतेक परड्यांचं दुखणं तिथंच सापडतं.

१. झाड नेमकं कुठं वाकलंय?

काठी बांधायच्या आधी हे बघा. एकदा काठी बांधली की ही खूण पुसली जाते आणि मग नुसता अंदाज उरतो.

शेंड्याकडून हळूहळू, कमानीसारखं एका बाजूला वाकलं असेल आणि खोड टणक असेल, तर उजेड कमी आहे. झाड उजेडाकडे पळतंय.

बुडाशी मऊ, तपकिरी, दाबलं तर पाणी सुटतं आणि वास येतो, तर कूज आहे. अशा झाडाला आधार देऊन काही होणार नाही. थेट तिसऱ्या आणि सातव्या मुद्द्याकडे जा.

बुडापासून लवंडलं, पण खोड टणक आहे आणि मुळं अर्धी उघडी पडली आहेत, तर पावसानं माती वाहून नेली आहे किंवा कंद फार वर लावला आहे. झाड सरळ करा, बुडाशी दोन बुट्ट्या माती चढवा, पायानं हलकं दाबा. बस्स.

मधेच मोडलं असेल तर वर बघा. बहुतेक वेळा वर कौलाची किंवा पत्र्याची कड असते. पागोळ्यांची धार एका रेषेत पडते आणि त्या रेषेतलं प्रत्येक झाड मोडतं. रोपं वळचणीपासून दीड-दोन फूट पुढं सरकवा, नाहीतर पन्हळ लावा. खताचा आणि औषधाचा इथं काही संबंध नाही.

२. उजेड किती, आणि कोणत्या महिन्यात?

सावलीचा अंदाज लोक डिसेंबर-जानेवारीत घेतात, आणि तिथंच चुकतात. बेळगाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात तो बराच दक्षिणेला कललेला असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेला असलेलं परडं हिवाळ्यात अंधारं वाटतं, पण रानफुलांच्या वाढीच्या दिवसांत तिथं दुपारचं ऊन असतं.

आकडे असे. २० फूट उंच घराची दुपारची सावली उत्तरेकडे डिसेंबरात सुमारे १६ फूट पडते, २२ सप्टेंबरच्या सुमारास ६ फुटांच्या आत, आणि जूनमध्ये शून्य. म्हणजे उत्तरेच्या परड्यात वाफा भिंतीपासून ६ फूट सोडून केला तर पेव आणि भारंगीला फुलण्याच्या दिवसांतही दुपारचं ऊन मिळतं. भिंतीला चिकटून केला तर ऑगस्टनंतर ते आटत जातं, नेमकं कळ्या धरायच्या वेळी.

तपासणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, स्वच्छ दिवशी करा. सकाळी ८, १०, दुपारी १२, २ आणि ४ ला वाफ्यावर हात धरा. हाताच्या सावलीची कड स्पष्ट असेल तर थेट ऊन. कड धूसर पण सावली दिसते, तर गाळीव उजेड. सावलीच दिसत नसेल तर गडद सावली. पाचपैकी किमान एकदा थेट ऊन आणि दोनदा गाळीव उजेड आला तर पेव, भारंगी, दसमुळी फुलतात. तेरड्याला याहून थोडं जास्त लागतं. कळलावीचं वेगळं आहे: तिचा कंद सावलीत चालतो, पण शेंडा उन्हात पोचला पाहिजे. पाचही वेळा गडद सावली असेल तर दसमुळीही नुसती पानं काढते. तिथं फुलांचा हट्ट सोडून नेचे लावावेत.

मेमध्ये पुरेसा वाटणारा उजेड जुलैत ढगांमुळे कमी होतो, त्यामुळे काठावर पास झालेली जागा नापासच समजा.

उजेड वाढवायचे स्वस्त उपाय दोन. पहिला, झड येऊ नये म्हणून मागच्या दारी बांधलेली निळी किंवा काळी ताडपत्री. ती जूनपासून चार महिने वाफ्यावर अंधार धरते. तिथं पारदर्शक प्लास्टिक बांधा किंवा ताडपत्री फक्त दारापुरती ठेवा. दुसरा, कंपाऊंडची भिंत. शेवाळानं काळी पडलेली भिंत उजेड गिळते. मेमध्ये तारेच्या ब्रशनं घासून चुन्याचे दोन हात द्या. अरुंद परड्यात फांदी तोडण्याआधी हे करून बघावं, फरक दिसतो.

३. पाणी मुरतं का?

वाफ्याशेजारी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढा. पाण्यानं भरा आणि पूर्ण मुरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि घड्याळ बघा. दुसरं पाणी दोन तासांत गेलं तर निचरा चांगला. चार तासांनंतरही पाणी दिसत असेल तर कंद कुजणारच. प्रश्न फक्त यंदा की पुढच्या साली एवढाच.

बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूरकडे जांभ्याची तांबडी माती आहे. तिच्यातून पाणी जातं, पण खाली फूटभरावर कडक जांभा लागला की तिथंच थांबतं. निपाणी-चिकोडीकडची काळी माती पावसात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून कंदाची बारीक मुळं तोडते. दोन्हीकडे उपाय एकच: खाली खणण्यापेक्षा वर चढा. जांभ्याच्या चिऱ्यांची किंवा विटांची ९ इंच ते १ फूट उंच कड करा, चिऱ्यांच्या फटी सिमेंटनं बुजवू नका. आत दोन बुट्ट्या तांबडी माती, एक बुट्टी कुजलेला पालापाचोळा, अर्धी बुट्टी मुरूम किंवा जाड वाळू, या मापानं भरा. काळ्या मातीच्या भागात मुरूम पूर्ण एक बुट्टी घ्या.

पाणी कुठून येतं तेही बघा. न्हाणीघराची मोरी परड्यात सोडलेली असेल तर साबणाचं आणि धुण्याच्या पावडरीचं पाणी वाफ्यात शिरतं. पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात, मातीवर पांढुरकी पापडी येते. ते पाणी केळीकडं किंवा अळवाकडं वळवा.

४. लाड किती चाललेत?

मायाळू लोकांच्या परड्यातलं हे सर्वांत मोठं कारण. झेंडूला घालतो तसं शेणखत, वर कोंबडीखत, आणि पान पिवळं दिसलं की चिमूटभर युरिया. सावलीतल्या झाडाला नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की ते लांब, रसरशीत, पोकळ वाढतं. वजन पेलत नाही, कूज लवकर धरतं, आणि फूल लांबतं. रानात या झाडांना वर्षाला एक थर पाचोळा मिळतो, आणि त्यात त्यांचं भागतं.

युरिया आणि कोंबडीखत पूर्ण बंद. पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं खत मृगाच्या सुमारास प्रत्येक गड्ड्याला दोन ओंजळी. तांबड्या मातीत लाकडाची राख मूठभर चालते, कारण ही माती आंबट (आम्लधर्मी) असते आणि राखेतलं पालाश (पोटॅश) फुलाला उपयोगी. निपाणी-चिकोडीच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत राख घालू नका. पानं पिवळी पडतील आणि पुन्हा युरियाचा मोह होईल. वर दोन इंच पाचोळा पसरा, पण खोडापासून तीन इंच लांब.

दाटीही याच खात्यातली. तेरड्याचं बी मुठीनं फेकलं की पहिल्या पावसात गालिचा उगवतो आणि तो उपटायला जीव होत नाही. रोपं बोटभर झाली की ९ इंचांवर एक ठेवून बाकी उपटाच. दाटीतला तेरडा एकमेकांच्या आधारानं उभा असतो. एक पडला की रांग पडते. पेवाच्या गड्ड्यांत दोन ते अडीच फूट, भारंगीत तीन फूट.

५. आधार आणि खुडणी

सगळ्यांना एकच काठी आणि सगळ्यांचा शेंडा खुड, असं केलं की निम्मी फुलं जातात.

पेवाचं फूल पानांच्या खोडाच्या टोकावर, लाल कणसातून येतं. उंची आवरायला शेंडा छाटला तर त्या खोडाला त्या वर्षी फूल नाही. ‘पानं मायंदाळ, फूल नाही’ या तक्रारीत आधी कोयता कुणी चालवला ते विचारा. पेवाला उंची जास्त वाटत असेल तर गड्ड्याभोवती चार बांबू रोवून कंबरेच्या उंचीवर काथ्याचा सैल वेढा द्या.

भारंगी मात्र खुडावी. जूनच्या अखेरीस, झाड दीड-दोन फुटांचं असताना शेंड्याची चार पानं काढली की फांद्या फुटतात, झाड बसकं आणि भक्कम होतं. कोवळ्या शेंड्याची भाजीही होते. कडू असते, उकळून पाणी टाकून द्यावं लागतं. पण जुलैच्या मध्यानंतर खुडलं तर निळे तुरे भाजीत जातील. तेरडा वीतभर असताना एकदा खुडला तरी चालतो.

कळलावीचा शेंडा चुकूनही मोडू देऊ नका. ती पानांच्या टोकांनी धरून चढते. टोकं बारीक असल्यामुळे जाड बांबूला वेढा बसत नाही आणि वेल खाली लोळते. तिला बारीक डहाळ्या किंवा तारेची जाळी द्या, आणि ती कोंब दिसायच्या आधीच रोवा. नंतर रोवताना कंदच फुटतो.

६. कुरतडलेले कोंब

पावसाळ्यात रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन जा. मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय असेल तर ती दिसतेच. संध्याकाळी ओलं गोणपाट आणि त्याखाली पपईची पानं ठेवा. सकाळी गोणपाट उचललं की खाली गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून वेचा, तिच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका आणि ते पाणी वाफ्यात ओतू नका. राखेचं कडं एका सरीत वाहून जातं, त्यात वेळ घालवू नये. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-कोंबड्यांना घातक आहेत. ज्या घरात ती आहेत तिथं त्या नकोतच.

चिकट पट्टे नसतील आणि कंदच उकरून खाल्ला असेल तर उंदीर-घुशी. खानापूरकडच्या रानालगतच्या घरांत साळिंदर किंवा रानडुक्कर. कंदाच्या वर मातीत कोंबडीजाळी आडवी पुरली की उकरणं थांबतं. कोंब भोकांतून वर येतात. डुकरापुढं ही जाळी टिकत नाही, तिथं कुंपणच लागतं.

७. कंद उकरून बघणं

वरचं सगळं ठीक असूनही कोंब येत नसेल किंवा बुड कुजलं असेल तरच हे करा, आणि शक्यतो एप्रिल-मेमध्ये, वळवाचे दोन पाऊस झाल्यावर. भर पावसात उकरलेल्या जखमेतून कूज शिरते.

गड्ड्यापासून फूटभर लांबून कुदळीनं माती सैल करा, मग हातानं. निरोगी कंद कापल्यावर आत पांढरट-पिवळसर आणि टणक असतो. तपकिरी, पिचका भाग पूर्ण जाईपर्यंत चांगल्या भागात अर्धा इंच आत कापा. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटनं पुसा. पेवाच्या तुकड्याला किमान दोन-तीन डोळे हवेत. तुकडे लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घालून १५ मिनिटं बुडवा, सावलीत दोन दिवस सुकवा, नव्या जागी दोन-तीन इंच खोल लावा. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) वापरायचा तर तो या तांब्याच्या औषधानंतर किमान १५ दिवसांनी, एक किलो कुजलेल्या खतात १० ग्रॅम या मापानं. दोन्ही एकदम दिलं तर तांबं ट्रायकोडर्माला मारतं आणि पैसे दोन्हीकडून जातात.

कळलावीचा कंद इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा असतो आणि डोळा टोकालाच. टोक तुटलं की तो तुकडा वर येत नाही. आडवा, तीन इंच खोल लावा. हात लावताना मोजे घाला.

नवं रोप हवं असेल तर कुणाच्या परड्यातला गड्डा फोडून घ्या किंवा रोपवाटिकेतून आणा. भीमगड अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून कंद उपटून आणणं गुन्हा आहे.

८. वरचं झाड

हे शेवटी, कारण तोडलेली फांदी परत येत नाही. नारळाची सावली गाळीव असते, ती तशीच राहू द्या. शेवग्याची सोपी: शेंगा संपल्या की एप्रिल-मेमध्ये चार फुटांवर छाटा, तो पुन्हा फुटतोच. आंब्याच्या खालच्या, मनगटापेक्षा बारीक फांद्या फळं उतरल्यावर काढा. एका वर्षात पानोऱ्याच्या चौथ्या भागाहून जास्त नको.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालू असताना वाफा दोन दिवसांत कोरडा पडत असेल, तर आंब्याची मुळं पाणी ओढत आहेत. मुळं तोडू नका, आणि खोडाला टेकवून माती भरून उंच वाफाही करू नका, साल कुजते. तळाला भोकं पाडलेले अर्धे ड्रम विटांवर ठेवून त्यात पेव लावा.

इथं थांबा, माणूस बोलवा

जमिनीवर उभं राहून हात पोचत नाही अशी कुठलीही फांदी तरबेज माणसाकडून उतरवा. फांदीजवळून विजेची तार जात असेल तर कोयता उचलूच नका. आधी हेस्कॉमला (वीज कंपनीला) कळवून लाइन बंद करून घ्या. ओला बांबूही वीज वाहून नेतो. झाड समूळ काढायचं ठरलं तर कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे अनेक झाडांना वन खात्याची परवानगी लागते.

वाफ्यातली माती पाऊस नसतानाही ओली राहते आणि घाण वास येतो, तर शौचाच्या टाकीला किंवा ड्रेनेजच्या पाइपला गळती आहे. प्लंबर बोलवा, तिथं खणू नका. कंपाऊंडच्या भिंतीला पोट आलं असेल, म्हणजे ती बाहेर फुगली असेल, तर पावसाळ्यात तिच्या बुडाशी खड्डा काढू नका, गवंड्याला दाखवा.

एकाच पावसाळ्यात वेगवेगळ्या वाफ्यांतले तीन-चार गड्डे कुजले आणि औषधानं थांबलं नाही, तर दुकानातून दुसरी बाटली आणण्यापेक्षा कुजका कंद आणि मूठभर माती पिशवीत घालून मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात दाखवा.

आणि कळलावी. तिचा कंद विषारी आहे, पानं आणि बियाही. रताळं किंवा कणगी समजून कुणी खाल्ला तर त्रास काही तासांनी उलट्या-जुलाबानं सुरू होतो. तोवर ‘काही होत नाही’ म्हणून थांबू नका, घरगुती उतारे करू नका. उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक मोठ्या दवाखान्यात न्या. घरात लहान मुलं किंवा मोकळी फिरणारी जनावरं असतील तर हा वेल परड्यात नसलेलाच बरा.